वरचा थेंब

मी, भगीरथ देवजी घरत, वय ४९, राहणार तालुका मुरबाड, नोकरी शहापूरच्या एका प्रयोगशाळेत. आज हिंडता-फिरता व शुद्धीवर असताना, कोणाच्या दडपणाखाली नव्हे तर आपल्या मर्जीने, हे मृत्युपत्र लिहितो. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांना खात्री आहे, माझा देवावर भरवसा आहे. तरी कागद असावा.

१. राहते घर पत्नी सुंदरा हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. तीस गुंठे भातजमीन प्रणित व भाग्यश्री या माझ्या मुलांना निम्मी-निम्मी. देव्हाऱ्यात दिवा जो घरी असेल त्याने लावावा. एखादे दिवशी राहिला तर देव रागावत नाही. मी विचारले आहे.

३. वडिलांची लोखंडी पायली धाकटा भाऊ दिनेश याला. हिच्यावरून तो अकरा वर्षे माझ्याशी धड बोललेला नाही. घे बाबा. भात मोजून दिल्यावर वर एक मूठ घालायची वडिलांची रीतही तूच चालव. मी ती रीत भलत्या जागी नेली.

४. ती अशी. आमच्याकडे माणसाच्या पेशी बाटल्यांत वाढवतात. एखादे प्रथिन हवे असले की त्याचा जीन एका रसायनात मिसळून पेशींना देतात. जीन तिथे कायमचा राहत नाही. पाच-सहा दिवसांत पेशी जेवढे प्रथिन करतील तेवढे आपले. म्हणून जीन किती, रसायन किती, हे नेमके ठरवावे लागते. ते प्रमाण माझ्या सहकारी रुचिता भेरे यांनी काढले. मिसळायचे काम माझे. कमी पडू नये म्हणून मी दर वेळी मोजून झाल्यावर वर एक थेंब रसायन घालत असे. छोट्या बाटलीत तो थेंब म्हणजे जवळजवळ दुप्पट. पेशी मरत. प्रमाणच चुकीचे ठरले आणि रुचितांना लेबले चिकटवायला बसवले.

मी रजेवर असताना माझ्या जागी मिसळणाऱ्या विपुलने तेच प्रमाण वापरले, तर प्रथिन चौपट आले. साहेबांनी तो विपुलचा हातगुण मानला. विपुलने मात्र विचारले, "भगीरथभाऊ, तुमी काय वेगळं करता ओ?"

मला तेव्हाच कळले. मी म्हणालो, "काय नाय." याला आठ महिने झाले.

५. सबब माझी कामाची वही रुचिता भेरे यांना द्यावी, व चूक माझी होती हे साहेबांना वाचून दाखवावे.

कलम ५ रद्द. कारण आज दुपारी साक्षीची सही करायला रुचिता आल्या व वरचे वाचून म्हणाल्या, "म्हणजे माझं नाव नीट व्हायला तुमी मरायला पायजे? आन् ऑपरेशन चांगलं झालं तर मी लेबलंच चिकटवत बसू काय?"

मी पेन खाली ठेवले.

"उठा भाऊ. आधी साहेब, मग सही."

साहेबांना सर्व सांगितले. मला बोल लागले, ते योग्यच. सोमवारपासून रुचिता पुन्हा आपल्या कामावर. वही मी त्यांच्या हातात दिली. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले होते. रुचितांना आता यातून काहीही मिळायचे नाही, म्हणून त्यांची सही घेतली आहे.

ठिकाण: शहापूर
दिनांक: ७ नोव्हेंबर २०२५

सही: भगीरथ देवजी घरत

आमच्यासमोर सही केली:
१. रुचिता भेरे
२. विपुल वेखंडे