फ्रिजमधला पाच लिटरचा कॅन

ताई,

सत्य घरच्यांपासून लपवू नये, असं मी वीस वर्षं सदरात लिहितोय. काल तू शिळा रस समजून जो कॅन ओतलास, त्यात माझी चोवीस तासांची लघवी होती. लेबल मीच फाडलं होतं.

माझ्या रक्तात एक विचित्र प्रथिन सापडलंय. एखाद्या कार्यालयानं तेच ते परिपत्रक छापत सुटावं, तशा काही पेशी एकच बिनकामाची अँटिबॉडी काढताहेत. हा मायलोमा, म्हणजे रक्ताचा कर्करोग, की नुसतं लक्ष ठेवण्यासारखं काही, हे ठरवायला लघवीही तपासायचीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, उपचार आहेत."

सांगितलं नाही, चुकलं. तू रडशील याची भीती नव्हती. रडत रडत अख्खं घर धुवायला काढशील, याची होती.

लॅबमधून नवा कॅन आणायला गेलोय. तू साबणानं घासून ठेवलेला चालत नाही.