तुमच्या अंगणातून नेलेली गाडी आणि तिचे नवे टायर

कासू, श्रावणातला शनिवार

तीर्थस्वरूप काळुरामदादांच्या पायांशी धाकटी बहीण हौसा हिचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळी बरी आहोत. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावं, लेप रोज लावत असाल असं धरून चालते. अंगणातली ताडपत्री अजून उचलून पाहिली नसेल तर आता पाहा. तिच्याखाली पेंढ्याचे भारे आणि तुमची मोडकी घडवंची आहे, मोटरसायकल नाही. पण पोलीस चौकीत जाऊ नका, गाडी मी नेली आहे. चोरीही म्हणता येणार नाही, कारण गाडी आमचीच. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही. पत्राचं तसं नाही, त्याला मध्येच गप्प करता येत नाही.

आता पहिल्यापासून सांगते. आषाढात मी रेल्वे फाटकाजवळ पडले हे पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, कारण ते तुम्हीच सांगत फिरलात. मागे आमचे हे बसले होते (ज्यांना तुम्ही भर आळीत नुसतं 'विठू' म्हणून हाक मारता ते), पुढे टाकीवर पापडांची पिशवी. यांनी हँडल धरलं की यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हापासून यांना डोलवीच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला सोडायचं आणि तशीच पुढे पेणला जाऊन दुकानांत पापड द्यायचे, हे काम माझं. त्या दिवशी रूळ ओले होते. मी ब्रेक दाबला, चाक थांबलं, गाडी काही थांबली नाही. हे वरच्यावर उडी मारून गवतात उभे राहिले (एवढ्या चपळाईने यांना दुसरं कुठलंच काम करताना मी पाहिलेलं नाही), मी चिखलात, आणि उडदाचे पापड शेजारच्या खाचरात बेडकांपुढे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. माझं कोपर बघायच्या आधी टायर बघितलेत, त्यावर अंगठा फिरवलात आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालात, "नक्षी अजून शाबूत हाय. खोट टायरात नाय, चालवणारीत हाय. बाईने पावसात गाडी काढायचीच नाय." आणि दिवाळीपर्यंत गाडी रोह्याला ठेवतो म्हणून स्वतःच तिच्यावर बसून निघालात. मी जाऊ दिलं. पटलं म्हणून नव्हे, कोपर दुखत होतं म्हणून. पुढे काय झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. एसटी कधी आली, कधी नाही, यांना उशीर व्हायला लागला. ठेकेदाराने यांना सांगून टाकलं की अजून एकदा उशीर झाला तर परत येऊ नको. पेणच्या दुकानदारांनी दुसऱ्या बाईचे पापड मांडायला सुरुवात केली. एवढं सगळं तुमच्या अंगठ्याने झालं, दादा.

आणि तुमचं भिसे खिंडीत काय झालं तेही मला कळलं आहे. घरी तुम्ही मोरीत पाय घसरला म्हणून सांगितलंत, पण गुडघ्यात खडी रुतलेली होती (मोरीत खडी तुम्ही कधी टाकलीत?). मला कोणी सांगितलं ते विचारू नका. मी एवढंच म्हणते की टायर तेच, पाऊस तोच, आणि वर बसलेला बाप्या. मग खोट कोणात होती?

तेव्हा मी ठरवलं, गाडी परत आणायची, पण त्या टायरांवर नाही. यांच्या कंपनीतल्या लोकांनी सल्ले द्यायला सुरुवात केली. एक म्हणाला रुंद टायर घाल, जास्त रबर म्हणजे जास्त पकड. दुसरा म्हणाला मोठमोठ्या गुटक्यांचा, म्हणजे रबरी ठोकळ्यांचा घाल, चिखलात रुततो. पेणच्या टायरच्या दुकानातला पोपट नावाचा पोऱ्या म्हणाला दोन्ही छान आहेत (दुकानात ते दोनच पडून होते). मी दोन्ही नको म्हटलं. रुंद टायर आमच्या बारक्या रिमवर नीट बसत नाही आणि साखळीच्या कव्हराला घासतो. गुटक्यांचा बांधावर चांगला, पण मला काही गाडी लावणीला न्यायची नाही. डांबरावर त्याच्या गुटक्यांची नुसती टोकं टेकणार, आणि पावसात ती टोकं काय धरून ठेवणार? पडले त्याच दिवशी मी जुन्या टायरात नख दाबून पाहिलं होतं. नख रुतलंच नाही. नक्षी होती, रबर मेलेलं होतं. जुनी स्लीपर आठवा, तळ झिजलेला नसतो, पण वाळून कडक झाला की ओल्या लादीवर माणसाला उताणं पाडते. म्हणून मी मऊ रबराचे मागितले, मधून दोन्ही कडांना चर गेलेले, म्हणजे खाचरातलं पाणी आपण फोडून देतो तसं चाकाखालचं पाणी बाहेर जाईल. तेही यंदाच्या सालाचे, दुकानात म्हातारे झालेले नकोत. पोपटने ते मागवले आणि मग विचारलं, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. तर त्याने फुलपाखरांचे स्टिकर काढून दाखवले. ते घेतले नाहीत.

बुधवारी दोन्ही टायर खांद्याला अडकवून कासूला रोह्याची गाडी धरली. डब्यात एक बाई म्हणाली, पंक्चरचं दुकान टाकलंत का? मी म्हटलं, नाही, भावाला भेटायला चालले. ती थोडी सरकून बसली. तुम्ही अलिबागला कोर्टाच्या तारखेला गेला होता, हे मला माहीत होतं. किल्ली तुम्ही देव्हाऱ्यात ठेवली होती. मी हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि घेतली, देवाने काही हरकत घेतली नाही. गाडी ढकलत पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने पुढचा टायर उलटा चढवला. टायरच्या कडेला बाण असतो, चाक कुठल्या बाजूला फिरणार त्याचा. मी बाण दाखवला तर म्हणाला, चालतं हो ताई, एवढं कोण बघतं. मी म्हटलं, मी बघते, आणि काढून सुलटा चढवून घेतला.

मग आम्ही निघालो (आम्ही म्हणजे मी आणि गाडी). नवा टायर पहिले काही दिवस गुळगुळीत असतो, म्हणून खिंडीत गाडी कलती केली नाही, हळूच उतरवली. नागोठण्याच्या पुढे असा पाऊस लागला की समोरची म्हैस अंगावर येईपर्यंत दिसली नाही. फाटकाजवळ आल्यावर मी आधी दोन्ही बाजूंना आगगाडी नाही ना ते बघितलं. रूळ सरळ कापून ओलांडले, पलीकडे जिथे पडले होते तिथे मुद्दाम ब्रेक दाबला, पुढचा आणि मागचा मिळून. गाडी उभी राहिली. फाटकवाला छत्री घेऊन बाहेर आला आणि काय झालं म्हणून विचारायला लागला. काहीच झालं नव्हतं, हेच तर बघायचं होतं. मी तिथे पावसात उभी राहून खूप हसले, आणि थोडी रडलेही.

गुरुवारपासून हे वेळेवर कंपनीत आहेत. दुसऱ्या बाईचे पापड दुकानांतून अजून हटलेले नाहीत, पण माझेही शेजारी मांडलेत. दिवाळीपर्यंत गाडी मिळणार नाही. दिवाळीनंतरही नाही. तुम्ही वडील भाऊ आहात, रागवायचा तुम्हाला हक्क आहे, तेवढा तुमच्याकडे ठेवा.

तुमची धाकटी बहीण,
हौसा

ता. क. मालूवहिनी निरोप ठेवून आली तशी माहेरी गेलेली नाही, इथे माझ्याकडे आहे. बुधवारी मी गाडी अंगणाबाहेर ढकलत होते तेव्हा ती पिशवी भरून दारात उभी होती. म्हणाली, "मला पण ने गो हौसा. सोळा वर्षं एसटीच्या काचेतनं तेच रान बघतेय." फाटकाजवळ हसणाऱ्या आम्ही दोघी होतो. रडले तेवढी मी एकटी.

ता. क. दुसरा. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. पुढच्या रविवारी मी वहिनीला घेऊन येते. रस्ताभर गाडी मी चालवीन, पण तुमच्या आळीच्या तोंडाशी हँडल तिच्या हाती देणार, अंगणात तिलाच चालवत यायचं आहे. इथल्या मळणीच्या खळ्यावर ती सरळ जायला आणि थांबायला शिकली, वळायला अजून नाही. तरी अंगणाच्या फाटकाची दोन्ही दारं उघडी ठेवा, म्हैस आत बांधा, आणि काहीही झालं तरी ओरडू नका, दचकली की ती क्लच सोडते. तुम्ही विहिरीच्या बाजूला उभे राहा. वहिनीने तसं मुद्दाम सांगितलंय, तुमच्याकडे बघून तिला थांबायचं आहे.