चौदा दिवसांची ताकीद

हॅरोफील्ड, मॅसॅच्युसेट्स
रविवार, १९ ऑक्टोबर १९७५

प्रिय आत्या,

तुझं पत्र येऊन पाच आठवडे झाले. काम सांगितलंयस तर ते करूनच लिहावं म्हटलं, म्हणून उशीर. मी बरा आहे. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे मेन राज्यात बटाटे काढून झाले असतील. इथे थंडीच्या आत रस्ता संपवायचा म्हणून मुकादम शनिवारीसुद्धा सोडत नाही. दिवसभर गरम डांबर ओढून पाठ अशी धरते की कधीकधी बूट न काढताच झोपतो. घर सोडल्यापासून हे माझं सातवं काम. एका जागी मन लागत नाही, काय करू.

अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. आठवीत शाळा सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस, कधीतरी पत्र लिहायची वेळ आली की रडशील. आली बघ.

इथे आल्यावर मी पत्त्याचं कार्ड टाकलं, त्यावर इतक्या वर्षांत तुझं हे पहिलंच पत्र. दीड पान, सोबत भरायचा अर्ज, आणि सगळं या गावात होऊन गेलेल्या आपल्या मूळ आजीबद्दल, मेहिटेबल स्टेपल्सबद्दल. माझ्याबद्दल ओळ नव्हती. असू दे. पुढच्या चार जुलैला देशाला दोनशे वर्षं होतील, जुन्या घराण्यांच्या बायका मंचावर बसतील, आणि तुलाही बसायचंय हे मला समजतं. त्यासाठी मेहिटेबल आणि तिचा कॅप्टन नवरा कागदावर सापडायला हवेत, हेही समजतं.

पाऊस पडला की डांबर टाकता येत नाही, म्हणून पावसाच्या दिवशी मी गावाच्या कचेरीत जातो. तिथे मिसेस ट्रास्क म्हणून बाई आहेत. जुन्या वह्या त्यांच्याच ताब्यात. सत्तरीच्या असतील, पण जीभ अजून पंचविशीतली.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "कोण पाहिजे?"

"मेहिटेबल स्टेपल्स."

"ती वारली की रे. जरा उशीर केलास, दोनशे वर्षांचा."

"आत्यानं पाठवलंय."

"आत्याच पाठवतात. आधी हात धू. माझ्या वहीला डांबराचं बोट लागलं तर मृतांच्या यादीत तुझंही नाव घालीन."

चार पावसाळी दिवस गेले. जन्माच्या नोंदीत ती नाही. लग्नाच्या नाही. जमिनीच्या कागदांत नाही. जुनी अक्षरं मला लागत नाहीत, त्याच वाचून दाखवायच्या. शेवटी वैतागून म्हणाल्या, "नवरा कोण होता हिचा?"

"कॅप्टन. समुद्रात बुडाला."

"सगळ्यांचेच कॅप्टन असतात आणि सगळेच बुडतात. इथून समुद्र किती लांब आहे ठाऊक आहे ना?" मग चष्मा पुसत म्हणाल्या, "गरीब माणूस या वह्यांत कुठे सापडतो सांगू? गाव सोडून जा म्हणून बजावलेल्यांच्या पानावर."

आणि ती तिथेच सापडली. मी उतरून घेतलंय, त्यांनी शिक्का मारलाय, सोबत पाठवतो. सन १७५७. 'मेहिटेबल स्टेपल्स, अविवाहित स्त्री, व तिचे मूल एलिफलेट, विथम गावाहून अलीकडे आलेली, हिने चौदा दिवसांच्या आत हे गाव सोडून जावे.' खाली गावच्या शिपायाने लिहिलंय, की हे तिला समोर उभी करून वाचून दाखवलं. विथमच्या वहीतही असंच पान आहे, आदल्याच वर्षीचं. तिथून निघून ती इथे आली होती.

अविवाहित, आत्या. हा शब्द लिहायला मला पाच आठवडे लागले असं तुला वाटेल. पण खरं कारण ते नाही.

ते पान ऐकल्यावर मी बाहेर ट्रकमध्ये जाऊन बसलो. पुढचे दोन पावसाचे दिवस कचेरीकडे फिरकलोच नाही. मला सारखी घर सोडलं ती जानेवारीतली सकाळ दिसत होती. कोठारातली शेगडी जळती ठेवायची हे माझं एकट्याचं काम होतं, आणि मी पोरांबरोबर प्रेस्क आइलला नाचायला गेलो. शेगडी विझली. वर्षाचे बटाटे गोठून दगड झाले. त्यात व्हर्न काका इस्पितळात. तू टेबलाशी बसून होतीस, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "एल्डन, मला तू या घरात नकोस. दोन आठवड्यांत कुठेतरी सोय बघ."

मी दुपारच्या बसनं गेलो. काकांना न भेटता. ते गेले आणि तू एकटी राहिलीस हे मला चार महिन्यांनी कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. त्याबद्दल मी तुला कधी लिहिलं नाही. आज लिहितो. माझं चुकलं. शेगडीचंही आणि काकांचंही.

परवा शुक्रवारी पाऊस होता, पुन्हा गेलो. मिसेस ट्रास्क म्हणाल्या, "कुठे होतास? म्हटलं ताकीद तुलाच मिळाली की काय!" मग एक वही पुढे ढकलली. "बैस. तुझी बाई गेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे इथेच राहिली. हे बघ, पुढच्याच वर्षीच्या मार्चची गावसभा. प्रार्थनाघर झाडायचं काम आणि दाराची किल्ली मेहिटेबल स्टेपल्सकडे. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. त्याच्याही पुढच्या."

बावीस वर्षं, आत्या. आम्ही एकेक पान उलटून मोजली. मग एका डिसेंबरात एक ओळ, 'वृद्ध मेहिटेबल स्टेपल्स, मृत.' एलिफलेट तोवर उत्तरेला गेला होता, आपल्याकडे.

मी म्हटलं, "हिला तर हाकललं होतं ना?"

"हाकललं कोणी? उद्या ही आजारी पडली तर भार आमच्यावर नको, एवढं गावानं लिहून ठेवलं. तशी रीतच होती. कुणी जायचे, बरेचसे राहायचे. ताकीद वाचणारा शिपाई दुसऱ्या दिवशी तिच्याचकडून सदरे धुवून घेत असेल."

"हे तिला माहीत होतं?"

"विथममधून निघाली तेव्हा नसावं." त्यांनी वही मिटली. "इथे कुणीतरी सांगितलं असेल. नाहीतर थकली असेल रे. मूल कडेवर घेऊन किती गावं बदलणार?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. तू दोन आठवडे म्हणाली होतीस. मी दोन दिवसही थांबलो नाही. थांबलो असतो तर तिसऱ्या आठवड्यात तू काय म्हणाली असतीस, हे मला माहीत नाही. तुला तरी माहीत आहे का?

तुझा अर्ज परत पाठवतोय. नवऱ्याची जागा रिकामी आहे. तिथे लिहिण्यासारखं कुणी सापडलं नाही, आणि खोटं मी लिहिणार नाही. मंचावर बसवतील की नाही, मला सांगता येत नाही. पण मिसेस ट्रास्क म्हणतात, बावीस वर्षं किल्ली सांभाळली त्या बाईच्या वंशातली म्हणवून घ्यायला कॅप्टन कशाला लागतो.

एकवीस नोव्हेंबरला आमचं काम थांबेल. पुढच्या कामासाठी व्हर्जिनियाला चल म्हणून मुकादम मागे लागलाय. मी अजून हो म्हटलेलं नाही. खरंच थकलोय, आत्या. उत्तर लिहिशील तेव्हा मेहिटेबलबद्दल काही लिहू नकोस. मी यावं की नाही, तेवढी एक ओळ पुरे.

ताकीद मिळाली त्याच दिवशी निघून गेलेला,
तुझा
एल्डन