मुंजाबाची झील

चिकलठाणा, औरंगाबाद
३ जानेवारी १९७७

चि. सौ. राजाबाई हीस दादाचे अ. उ. आ., वि. वि.

इकडं सगळे खुशाल. पत्रात तू शेळ्यांची खबर देतेस, स्वतःची कधी देणार?

लिहायला बसलो ते मुंजाबापायी. मिसरूड फुटल्यापासून आम्ही जोडीनं बिरोबाच्या ओव्या म्हणतो. ओवी मी सांगायची आणि तिचा शेवटचा शब्द उचलून त्यानं मागून झील धरायची. पण हल्ली तो झील धरली की सोडतच नाही. शब्द ओढत राहतो आणि मी आपला तोंड उघडं ठेवून उभा! हर्सूलच्या जत्रेत लोकांनी वाहवाही त्यालाच दिली. आपल्या आळीतला कडूबा म्हणाला की मुंजाबा लई पुढं पुढं करतोय, त्याला नावाची हाव सुटलीय. मला राग आला, आणि राग आला याचं वाईटही वाटलं. या माणसानं कधी माझ्याआधी घास खाल्ला नाही.

रेडिओवाल्यांनी आवाजाच्या परीक्षेला बोलावलंय. पास झालो तर आपल्या ओव्या अख्खा मराठवाडा ऐकेल. तिथंही मुंजाबानं हेच केलं तर? झिलीला कडूबाला घ्यावं म्हणतो. तुझं मत लौकर कळव.

तिकडं सगळ्यांना माझा रामराम.
तुझा दादा,
सोनाजी


१४ जानेवारी

ती. दादास राजाबाईचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मागोमाग दुसरंही पोचलं, त्यात अक्षरशः तोच मजकूर. पत्र गहाळ होईल म्हणून दोनदा टाकलंस, की टाकल्याचं विसरलास? घरचे हसले. मला काही हसू आलं नाही.

दादा, माझाच गोंधळ उडालाय. जत्रेत मी अगदी पुढं बसले होते. मला वाटलं, पुढची ओवी तुला सुचेना म्हणून मुंजाबा झील ओढत होता. सारखा तुझ्या तोंडाकडं बघत होता आणि तुझे ओठ हलले की लगेच थांबत होता. की तो ओढत होता म्हणूनच तू अडलास? मी काही गाणारी नव्हे, माझी चूकही होत असेल. पण कडूबाला घेण्याआधी एकदा विचार कर. आणि वहिनीला घेऊन दवाखान्यात जाऊन ये, एवढं माझं ऐक.

रागावलास तरी उत्तर धाड.
तुझी,
राजी


चिकलठाणा
२ फेब्रुवारी

चि. सौ. राजाबाईस अ. उ. आ.

तुझ्या पत्रानं माझं डोकं तापलं. मी म्हणे ओव्या विसरतो! त्याच तिरमिरीत कडूबाला झिलीला घेतलं आणि मुंजाबाला सांगितलं की तू नुसता ढोल वाजव. तो व्हय म्हणाला आणि ढोल उचलून चालू लागला. भांडला असता तर बरं झालं असतं.

परवा रेडिओच्या परीक्षेला गेलो. तिथं लाल दिवा लागला. कडूबा झील धरत होता मी सांगितली तशीच, आखूड आणि बेताची. मध्येच एका ओवीला त्याची झील संपली आणि माझ्यापुढं काहीच नव्हतं. राजे, बिरोबाच्या जन्माची ओवी, झोपेत बडबडायचो ती, गेली! कडूबा माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. तेवढ्यात ढोल वाजवता वाजवता मुंजाबानं तोच शब्द उचलला आणि ओढला, घसा फाटेस्तोवर ओढला. मग कुठूनशी ओवी आली. साहेब म्हणाले की आवाज चांगलाय, पण झील कोण धरणार ते ठरवून पुन्हा या.

बाहेर चहा पिताना मुंजाबाला विचारलं की हे कधीपासून चाललंय. त्यानं बशीत फुंकर घातली आणि म्हणाला की त्याला काय ठाव नाय, त्याचा दमच मोठा. मी सोडेना, तेव्हा म्हणाला की सोनाजीला काय झालं असं लोकांनी विचारण्यापरीस मुंजाला हाव सुटली म्हणलेलं बरं.

मला लाज वाटली आणि भीतीही वाटली. अजून काही उमगत नाही. माझं विसरणं मलाही कळत नाही, ते त्याला आधी कसं कळतं? उद्या दवाखान्यात जातोय. रेडिओवर आणि सगळीकडं आता झिलीला तोच.

एक काम तुझ्यावर सोपवतो. पुढंमागं मी तुझं नावही विसरेन. मुंजाबाकडं बघून हा कोण म्हणालो, तर रडत बसू नकोस. मला ओवी म्हणायला बसव आणि त्याला माझ्या मागं बसव. झील कानावर आली की ओळखेन.

माया आहे तशीच राहू दे.
दादा