दोन तासांचा पाऊस

समुद्रकाठचं घर,
४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी सुखरूप पोचले. घर दोघींसाठी ठरवलेलं, वर्षभर बेत केले ते तू, आणि निघायच्या आठवड्यात नवे बूट घालून चालून बघायला म्हणून जिना चढलीस नि घोटा मोडून घेतलास! तू दटावून पाठवलंस म्हणून आले, पण तुला प्लास्टरमध्ये टाकून मी इथे, या विचाराने प्रवासात घास उतरला नाही.

तेव्हा आधीच सांगते, तू काहीही गमावलेलं नाहीस. पाऊस नुसता कोसळतो आहे. कड्यावरच्या पायवाटेवर घोटाभर चिखल, आणि समुद्र धुक्यात कुठे गडप झालाय कोण जाणे. छप्पर गळतं. खाटेशेजारी बादली ठेवली आहे. घरमालकीणबाई शेजारच्या घरात एकट्या राहतात. अगदी घुम्या आहेत, पाव आणि अंडी दारात ठेवून निघून जातात. मी आपली खिडकीशी बसून विणते आहे.

सूनबाई तुझं सगळं नीट करते ना? सगळा वॉर्ड धाकात ठेवणारी मेट्रन तू, आता स्वतः पेशंट झालीस म्हणून त्या बिचारीला सळो की पळो करू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
बुटकी

ता. क. माझी रुंद काठाची टोपी तुझ्याकडे राहिली. जमल्यास पाठव.


११ सप्टेंबर

चि. बुटकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. तिन्हींत पाऊस! मला झोप लागेनाशी झाली आहे, आणि ती काही पायामुळे नाही. माझ्या हट्टापायी तू त्या ओल्या घरात कुडकुडत बसली आहेस. लहानपणापासून हेच चाललंय. मी ढकलायचं आणि तू मुकाट्याने जायचं. चष्म्याच्या दुकानात वर्षभर उभी असतेस, चार दिवस सुखाचे मिळायचे तर तेही मी घालवले. सर्दी झाली का? छाती शेक, ओले मोजे लगेच बदल. पावसात टोपी कशाला ते कळलं नाही, पण पाठवते आहे. सोबत गमबूटही बांधले आहेत.

नुसती हळहळत बसणारी मी नव्हे, हे तू जाणतेसच. घरमालकीणबाईंना खरमरीत पत्र टाकलं आहे. गळकं घर भाड्याने देणं ही फसवणूक आहे, पाहुण्यांना घर देण्याची तुमची लायकी नाही, आणि माझ्या ओळखीतल्या एकीलाही मी तुमच्याकडे फिरकू देणार नाही, असं स्पष्ट लिहिलं. सूनबाईचं म्हणणं पडलं की जरा सौम्य लिहावं. मी तिला गप्प केलं. तू भिडस्त, त्यामुळे तू यात पडूच नकोस.

जिवाला जप. तेवढं केलंस की मला सगळं पावलं.

तुझी,
ताई


समुद्रकाठचं घर,
१४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच, आणि सूनबाईसमोर वाचू नकोस.

आज सकाळी डोक्यावर खडखडाट ऐकून बाहेर धावले. लख्ख ऊन पडलेलं, आणि घरमालकीणबाई शिडीवर उभ्या राहून पाईपने छपरावर पाणी सोडत होत्या. मला म्हणाल्या, आत जाऊन उभ्या राहा आणि थेंब पडला की हाक मारा. मी खोलीत वर बघत उभी राहिले. मान दुखायला लागली, पण एक थेंब पडेल तर शपथ. मग त्या खाली उतरल्या, खिशातून तुझं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि विचारलं, नेमकं कुठे गळतं. नवरा गेल्यावर एकेक कौल त्यांनी स्वतः बसवलंय गं. फाटकावरची 'घर भाड्याने मिळेल' ही पाटी काढून त्यांनी भिंतीला उलटी टेकवून ठेवली होती. धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

ताई, छप्पर गळत नाही. मी आले त्या दिवशी दोन तास पाऊस पडला, तो मी तीन पत्रं पुरवला. इथे सर येते आणि छत्री उघडेपर्यंत जाते. मग पाणी असं काही निळं होतं की बघत राहावं. रोज कड्यावरून पलीकडच्या खाडीपर्यंत चालत जाते. नाक उन्हाने सोललं आहे, टोपी त्यासाठी हवी होती. बाई घुम्या तर मुळीच नाहीत. भरती कधी येते आणि कुठल्या वाटेने परतावं हे त्यांनीच मला शिकवलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर आम्ही पोट धरून हसतो. म्हणजे, हसायचो. मी त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या पाईप गुंडाळून आत गेल्या.

तुझ्या मनाला लागू नये म्हणून खोटं लिहिलं, एवढंच सांगून मी सुटले असते. पण ते अर्धंच खरं आहे. दुसऱ्या दिवशी मी कड्यावर बसले होते. ऊठ म्हणायला कुणी नव्हतं, स्वेटर घाल म्हणायला कुणी नव्हतं. आणि मनात आलं, बरं झालं ताई आली नाही. तू तिकडे पाय मोडून पडलेली, आणि मला हे सुचलं! स्वतःचीच इतकी लाज वाटली, की ऊन पडलंय हे तुला लिहायला हात धजेना.

मला काय हवं ते बोल, पण बाईंना आजच्या आज चांगलं पत्र लिही. त्यांचा यात काडीचा दोष नाही.

आता कुठल्या तोंडाने माया मागू?

तुझी,
बुटकी


१७ सप्टेंबर

चि. बुटकीस,
आशीर्वाद. रागावले आहे, तरी आशीर्वादच.

पत्र वाचलं. सूनबाईला बाजारात पिटाळलं आणि पोटभर रडून घेतलं. लागलं मला, लागलं नाही असं म्हणणार नाही. वॉर्डातले पेशंट तोंडावर सांगायचे, की सिस्टर, जरा जा आता. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. पण तू कधी म्हणाली नाहीस, आणि मी समजत राहिले की तुला आवडतं.

बाईंना माफीचं पत्र आजच टाकलं. पहिल्या खेपेला त्यात तीनदा 'पण' आलं होतं. फाडलं आणि एकदाही 'पण' न घालता पुन्हा लिहिलं. या वेळी आधी सूनबाईला दाखवलं. ती म्हणाली, आता ठीक आहे. पाटी त्यांनी परत लावू दिली तर खिळे तू ठोक. लावू दिली नाही, तर रोज जाऊन विचार. तेवढं तुझ्याकडे लागतं.

त्यांना आणखी एक विचारलं आहे. प्लास्टर निघालं, पाय टेकायला लागले, की घर आठ दिवस मिळेल का? एकाच माणसासाठी. तू यायचं नाहीस. घरात आई, वॉर्डात पेशंट, मग मुलगा, सून आणि सगळ्यांच्या आधीपासून तू. कुणाला काही सांगायचं नसलं की मी दिवसभर काय करते, हे मला या वयातही ठाऊक नाही गं.

माया कुठे जात नाही. थोडे दिवस लांबून करते.

तुझी,
ताई