पाच साते पस्तीस

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, तू साष्टांग समजून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? मागच्या फोनवर दाजींचा खोकला तुझ्यापेक्षा जास्त बोलत होता, तो आता गप्प झाला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. माझी कंबर कशाने धरली एवढं कळवण्यासाठी हे पत्र लिहितोय. बाकी काही काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझं पत्र आलं की तू पहिल्यांदा शेवटचं पान उलटून बघतेस.

तर दुकान बंद करतोय. सुईत दोरा ओवायला आता मला सकाळचे दहा वाजेपर्यंतचा वेळ लागतो, आणि मालकालाही गाळा परत हवा आहे. रविवारी संध्याकाळी किल्ली द्यायची. बाकी सामानाचं काहीही होवो, पण अण्णांचं शिलाई मशीन मी भंगारात घालणार नाही. भंगारवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या खेपेला तर त्याने ते एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घेतला, ते मला मुळीच आवडलं नाही. त्या पायडलची डावी बाजू अण्णांच्या टाचेने झिजली आहे, ती काय किलोवर घालायची? पण घरात ठेवावं तर आम्ही दोघंच एकमेकांना वळसा घालून चालतो. म्हणून स्वयंपाकघराच्या मागे जो पट्टा मोकळा आहे, तिथे सामानाची एक छोटी खोली बांधायचं ठरवलं.

खोली किती चौरस फुटांची हवी हे काढायला मी कुणाला विचारलं नाही. चाळीस वर्षं टेप गळ्यात घालून हिंडलेला माणूस कुणाला विचारणार? दुकानात गेलो आणि एकेका वस्तूचं माप घेतलं, जसं घ्यायचं असतं तसं. कपाटाचा छातीशी घेर नऊ फूट, उंची सहा, म्हणजे चौपन्न. कापायच्या टेबलाचा घेर अठरा, उंची तीन, पुन्हा चौपन्न. ट्रंकेचे वीस, मशीनचे सत्तावीस, दोन पुतळ्यांचे मिळून तीस (पुतळे श्वास रोखून उभे राहतात, गिऱ्हाइकांसारखे पोट आत ओढत नाहीत, त्यामुळे ते माप बिनचूक). एकूण एकशे पंच्याऐंशी. वर शिलाईची माया म्हणून पंधरा सोडले आणि दोनशे चौरस फूट असं ठळक लिहून कागद तुझ्या भावजयीपुढे ठेवला.

तिने कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग म्हणाली, आपली बसायची खोली एकशे वीस आहे, तेव्हा सामान इथे राहू दे आणि आपण दोघं त्या खोलीत राहायला जाऊ. मला तिचा राग आला. अर्धा दिवस मी तीच बेरीज पुन्हा पुन्हा करून बघितली. नंतर भाजी चिरता चिरता ती सहज म्हणाली, की तुम्ही कपाट ठेवायला जागा मोजलीत की कपाटाला झब्बा शिवायला कापड? ताई, खोटं कशाला बोलू, मी कापडच मोजलं होतं. जमीन मोजायची तर वस्तूच्या पायाखाली बघावं लागतं, हे माझ्या चाळीस वर्षांत कधी ध्यानातच आलं नाही. माणसाच्या पायाखाली शिंपी बघत नाही, तिथे चांभाराची हद्द सुरू होते.

मग मी जमिनीवर बसून पुन्हा मोजलं. (कंबरेची सुरुवात इथून.) लांबी गुणिले रुंदी. कपाट साडेचार, टेबल अठरा, ट्रंक सहा, मशीन साडेचार, पुतळे एकेक. पस्तीस. मागचा पट्टा मोजला तर रुंदी पाच, लांबी सात. पाच साते पस्तीस. एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. मला इतका आनंद झाला की मी तुझ्या भावजयीला हाक मारून टेपची दोन्ही टोकं दाखवली.

गवंडी आला. हे माझं जुनं गिऱ्हाईक, दिवसाला चार वाक्यं बोलणारं. त्याने कागद बघितला, पट्टा बघितला, मला बघितलं, आणि दार आत उघडायचं की बाहेर एवढंच विचारलं. बाहेर उघडलं तर ते स्वयंपाकघराच्या दाराला आपटणार, म्हणून मी आत म्हणालो. पाच दिवसांत खोली उभी राहिली. आत जाऊन टेप लावला तर रुंदी चार, लांबी सहा. चोवीस. अकरा चौरस फूट कुठे गेले म्हणून मी त्याला फैलावर घेतलं. त्याने भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, हे काय, इथेच आहेत. भिंतीला जाडी असते हे मी धरलंच नव्हतं, कारण कापडाला कुठे असते? मग आधी का नाही बोललास म्हणून विचारलं, तर म्हणाला, चार वर्षांपूर्वी मी पँट घट्ट होतेय म्हणालो होतो, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? वापरून सैल होईल. ही पण होईल.

तरी आम्ही सामान लावायला घेतलं. टेबलाची फळी सुटी करून भिंतीला उभी केली, पाय गवंड्याला दिले. कपाट गेलं, ट्रंक गेली, ट्रंकेवर दोन्ही पुतळे गेले. मशीन मी आणि तुझ्या भावजयीने मिळून आत ओढलं (कंबरेचा शेवट इथे) आणि बाहेर येऊन दार लावलं. त्यानंतर ते उघडेना. मशीन आत असलं की दार उघडत नाही, आणि दार उघडायचं तर मशीन बाहेर हवं. शेवटी गवंड्याने दार बिजागरीतून काढलं. मशीन आता पुन्हा दुकानात आहे, आणि आज शुक्रवार आहे. असो. तू काळजी करू नकोस, होईल काहीतरी. दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. गेल्या खेपेस तू चहा ठेवायला आत गेलीस तेव्हा तुझ्या पुढच्या खोलीत खिडकीखालची जागा मी सहज मोजली होती. साडेतीन बाय दोन. मशीन तीन बाय दीड आहे. या वेळी पायाखालचंच मोजलंय, आणि पडदाही अडत नाही.

ता. क. दुसरा. अण्णा गेले तेव्हा हे मशीन तू मागितलं होतंस. तुझ्या घरात जागा नाही असं मी सगळ्यांसमोर म्हणालो आणि तू पुन्हा विषय काढला नाहीस. लहानपणी त्याच्याखाली बसून चिंध्या तूच गोळा करायचीस, मी नाही. ताई, मी त्या वेळी तुझं घर मोजलं नव्हतं. मला ते द्यायचं नव्हतं, म्हणून म्हणालो.

ता. क. तिसरा. टेंपो रविवारी सकाळी निघतोय, मी सोबत येतोय. हे पत्र उद्या शेजारच्यांच्या हाती तुझ्याकडे पोचेल, तेव्हा लगेच फोन करून एवढंच सांग, की तुझं दार आत उघडतं की बाहेर.