मान हलली त्याबद्दल

नाशिक,
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय रहेमान मामू,
अस्सलाम अलैकुम.

मनमाडला सुखरूप पोहोचलात, असं अम्मीकडून कळलं. तुमचा मफलर इथेच राहिलाय. धुऊन ठेवलाय. अम्मीचा गुडघा बरा आहे. लेकीचा निकाह झाल्यापासून बिलकिस खाला येईल त्याला बिर्याणी कशी झाली होती तेच विचारतात. जिया ठीक आहे.

जिया ठीक नाही, मामू.

ईदनंतर तिची रुखसती, सासरी पाठवणी, ठरली आहे, म्हणून आजच लिहिते. फोनवर माझ्या तोंडून शब्द निघाला नसता.

शुक्रवारी, निकाहच्या सकाळी, मेंदीचे हात पुढे धरून तिनं मला विचारलं होतं, "आपा, निकाहआधी मुलीला खरंच विचारतात ना? मग मी नाही म्हणणार." लग्नानंतर नर्सिंग सोड, असं नवरदेवाच्या, आवेजच्या घरचे तिला सांगताहेत, हे तुम्हाला माहीत नसेल. अब्बांनी मला घरीच जे धर्माचे कायदे शिकवले, तेच मी तिला सांगितले. शरियतनं मुलीला दिलेला हा हक्क आहे. वडिलांनी मनाविरुद्ध लग्न लावलं म्हणून एक मुलगी अल्लाहच्या रसूलांकडे गेली, तेव्हा त्यांनी निर्णय तिच्यावर सोडला होता. "तू बिनधास्त बोल, मी शेजारीच बसते," असंही म्हणाले.

मग निकाहात तिच्या वतीनं बोलणारे वकील म्हणून तुम्ही दोन साक्षीदारांना घेऊन आत आलात. कबूल आहे का, विचारलंत. ती गप्प. पुन्हा विचारलंत. ती माझ्याकडे बघत होती. कुणीतरी हसलं, "लाजतेय!" खाला माझ्या कानाशी लागल्या, "काय मुफ्तीबाई, तुम्हीच काही शिकवलंत वाटतं हिला?"

मी घाबरले. आता सगळं माझ्यावर येणार, एवढंच डोक्यात आलं. ओढणी सारखी करायच्या निमित्तानं मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आणि दाबला.

मान हलली. तुम्ही साक्षीदारांना म्हणालात, "पाहिलंत ना?" त्यांनी पाहिलं होतं. लगेच मुबारक-मुबारक सुरू झालं. तुम्ही खोटं बोलला नाहीत, मामू. तुम्हाला दाखवलं गेलं, ते खोटं होतं.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. काल तिचे केस विंचरायला गेले, तर तिनं कंगवा काढून घेतला. "माझ्या डोक्याला हात लावू नकोस." एवढंच.

अब्बा म्हणायचे, अल्लाहचा हक्क चुकला तर तो माफ करील. माणसाचा मारलास तर त्या माणसाच्या दारात जावं लागेल. मी गेले होते. पण तिचं उत्तर मी घेऊन बसलेय, ते परत न देता माफी कशी मागू?

तुम्ही या. तेच दोन साक्षीदार आणा. तिला एकटीला विचारा. खोलीत खाला नकोत, मी तर नकोच. ती काय सांगेल ते तिचं. मी बाहेर सगळ्यांसमोर माझ्या हाताचं सांगेन. नंतर खालांनी मला दारात उभं केलं नाही तरी चालेल.

मफलर तेव्हाच देते. दुआ करा, असं लिहायचा धीर होत नाही.

जियाच्या मानेनं तुमच्याशी खोटं बोललेली,
तहसीन